हत्तिणीचे ब्रेक

धाकटी तीन आठवड्यांच्या रजेवर घरी आली तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांची एक लहानशी बॅग होती आणि दोन माणसांनी उचलावं असं एक खोकं. खोक्यात काय आहे ते तिने जेवण होईपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मग बाबांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना घरामागच्या गॅरेजमध्ये नेलं, खोकं फोडलं आणि एकेक वस्तू कामाच्या टेबलावर मांडली. ताटाएवढ्या दोन लोखंडी डिस्क, डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे दोन कॅलिपर, ते ज्यावर बसतात त्या जाड पट्ट्या, पॅड, नळ्या, बोल्टांची पिशवी.

"हत्तिणीला मागे डिस्क ब्रेक," ती म्हणाली. "आणि बाबा, तू नाही म्हणायचं नाहीस."

हत्तीण म्हणजे बाबांची गाडी. थोरलीच्या जन्माआधीची, चारही चाकांना जोर मिळणारी, वर कॅनव्हासचं छत. मूळ रंग कोणता होता यावर घरात दोन मतं होती. डोंगरावर दगडाची खाण होती आणि तिथल्या कच्च्या रस्त्यावर कुणाचा ट्रक रुतला की हत्तिणीला बोलावणं यायचं. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, मागच्यांना जुने ड्रम. ओढा ओलांडला की ड्रममध्ये चिखलपाणी शिरायचं आणि पुढची दोन-तीन वळणं मागचा ब्रेक नावालाच उरायचा.

बाबांनी एक डिस्क उचलली, उजेडाकडे धरून तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कर."

थोरली दारात उभी होती. हातात तेलकट फडकं होतं. ते तिने इतकं पिळलं की बोटं काळी झाली.

कारण चार वर्षांपूर्वी हेच तिने म्हटलं होतं. ओढ्याच्या पलीकडच्या चढावर हत्तीण तिच्या हाताखालून दहा-बारा हात मागे घसरली होती, त्याच संध्याकाळी तिने बाबांपुढे विषय काढला होता. पट्ट्या कशा करता येतील त्याचा कागदही काढून दाखवला होता. बाबांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या गाडीत तोडमोड नको, म्हणाले. जे आहे ते नीट चालवायला शिक. थोरली तेव्हा बत्तीस वर्षांची होती आणि त्यातली चौदा वर्षं त्या गॅरेजमध्ये काढलेली होती. लग्नाचा विषय तिने स्वतःच केव्हाचा मिटवला होता, त्यामुळे घर सोडून जायचाही प्रश्न नव्हता. ती गप्प बसली आणि चालवत राहिली.

धाकटी तिच्याहून सात वर्षांनी लहान. ती शिकायला बाहेर गेली, इंजिनियर झाली आणि गाड्यांचे भाग तयार करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात चिकटली. वर्षातून एकदा यायची आणि आली की घर ढवळून काढायची. थोरली बाबांना अहो-जाहो करायची. धाकटी लहानपणापासून अरे-तुरे करत आली होती आणि बाबांनी तिला कधी टोकलं नव्हतं. लोकांना ते गोड वाटायचं. थोरलीलाही वाटलं असतं, पण तिने सहाव्या वर्षी एकदा तसं म्हटल्यावर काय झालं होतं ते तिला चांगलं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. हत्तीण मागून उचलून ठोकळ्यांवर ठेवली. चाकं निघाली. डावा ड्रम हातोडीच्या चार ठोक्यांत सुटला, उजवा मात्र गंजून असा बसला होता की धाकटी घामाघूम झाली. थोरली टेबलापाशी पोस्टमनच्या मोटरसायकलचा क्लच बघत होती. तो ड्रम कसा निघतो ते तिला माहीत होतं. त्याच्या तोंडावर दोन भोकं आहेत, त्यांत बोल्ट घालून पिळले की तो आपोआप बाहेर येतो. तिने अर्धा तास वाट पाहिली आणि मग जाऊन बोल्ट पिळून दिले.

"ताई, तू ग्रेट आहेस," धाकटी म्हणाली. मनापासूनच म्हणाली. थोरलीला ते अधिकच टोचलं.

बाबा स्टूल टाकून बसले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं होतं, तरी त्यांना फार वेळ उभं राहवत नसे. गेलं वर्षभर थोरली काम करायची तेव्हा ते दाराबाहेर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. आता मात्र स्टूल गाडीला चिकटलेलं होतं. धाकटीने अ‍ॅक्सल बाहेर ओढला, ड्रममागचा पत्रा काढला, त्या जागी नवी पट्टी बसवली, आणि प्रत्येक बोल्टाला बाबा विचारत होते, हा किती आवळायचा, असाच का, तुमच्या कारखान्यात कसं करतात. ती मोजून आवळायच्या पान्याने आवळायची. पाना टक् करून वाजला की बाबा हसायचे. थोरलीने तोच पाना तीन वर्षांपूर्वी आणला होता. तेव्हा बाबा म्हणाले होते की ज्याला हाताचा अंदाज नाही त्याला असली खेळणी लागतात.

आई चहा घेऊन आली तेव्हा तिने एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे, आणि थोरलीपाशी कप ठेवताना हळूच म्हणाली, "चेहरा सरळ कर. पोटात दुखतंय ते लांबून दिसतंय."

"मला काही दुखत नाहीये."

"बरं," आई म्हणाली आणि ट्रे घेऊन गेली. आईशी खोटं बोलण्यात काही अर्थ नसायचा.

दुपारी ती गोष्ट घडली. धाकटीने खोक्यातला सूचनांचा कागद काढून वाचायला घेतला होता. त्यात एक ओळ होती, ती तिने मोठ्याने वाचून दाखवली. ड्रम ब्रेकच्या नळीत पाय उचलल्यावरही थोडा दाब धरून ठेवावा लागतो, म्हणून मुख्य सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटासा व्हॉल्व्ह असतो. डिस्क बसवायच्या तर तो काढून टाकायचा. नाहीतर पॅड डिस्कला धरून राहतात, सुटत नाहीत, आणि चाक चालता चालता तापत जातं.

"आपल्या सिलिंडरमध्ये आहे का रे तो, बाबा?"

"नाही," बाबा ठामपणे म्हणाले. "हा सिलिंडर मी दोनदा उघडलाय. त्यात असलं काही नाही."

आणि ते खरं होतं, पण जुन्या सिलिंडरबद्दल. गेल्या वर्षी बाबा गुडघ्यासाठी दवाखान्यात होते तेव्हा तो गळायला लागला आणि थोरलीने त्याच्या जागी नंतरच्या गाडीचा सिलिंडर बसवला. त्यात तो व्हॉल्व्ह होता. तिने तो स्वतःच्या हाताने, चिमट्यात धरून साफ करून परत बसवला होता, कारण मागे ड्रम होते आणि ड्रमला तो हवाच होता. बाबा घरी आल्यावर तिने त्यांना सांगितलं होतं, सिलिंडर बदललाय. बाबांनी हूं म्हटलं होतं. त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिची कामं त्यांच्या लक्षात राहत नसत.

थोरली चार पावलांवर उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं. तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "तू म्हणतोस तर नसेलच," आणि बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. थोरलीने तोंड मिटलं आणि क्लचच्या तारेकडे वळली.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळीही तिला बोलता आलं असतं. तिने स्वतःला समजावलं की फार काही होणार नाही. गॅरेजच्या मागच्या मैदानात फेरी मारतील, चाक धरल्यासारखं वाटेल, वास येईल, धाकटी डोकं खाजवत बसेल. मग मी जाईन, म्हणेन, बाबा, गेल्या वर्षी मी काय सांगितलं होतं? हे दृश्य तिने मनात इतक्या वेळा पाहिलं की त्यातले बाबांचे डोळेसुद्धा तिला पाठ झाले. त्या रात्री तिला छान झोप लागली, हे तिने नंतर स्वतःच कबूल केलं.

सकाळी नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. बाबांनी गुडघ्याची पर्वा न करता पेडलवर पाय ठेवला आणि धाकटी खालून ओरडत राहिली, दाब, धर, सोड. पेडल छान कडक झालं. चाकं चढली. हत्तीण ठोकळ्यांवरून उतरली. व्हॉल्व्हने धरलेला दाब थोडाच असतो. उतरवण्याआधी हाताने फिरवून पाहिलं तेव्हा चाक किंचित जड वाटलं, पण पॅड नवे होते, बसायला वेळ लागतो, असं बाबाच म्हणाले. ते स्टीअरिंगवर बसले. वर्षभरात पहिल्यांदा. धाकटी शेजारी चढली आणि थोरलीला म्हणाली, चल ना गं. थोरली म्हणाली, पोस्टमन गाडी न्यायला येणार आहे.

गाडी मैदानाकडे वळताना दिसली आणि थोरली टेबलापाशी जाऊन उभी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मैदानाच्या बाजूने काही आवाज येईना.

आई दारात आली. "जेवायला थांबू नका म्हणाले, पण तू तरी ये. गरम आहे तोवर."

"थांबू नका म्हणजे? गेलेत कुठे?"

"वर. खाणीपर्यंत. ब्रेक लावलेत तर उतारावरच बघायला हवेत म्हणाले. तुला सांगितलं नाही?"

खाणीपर्यंत सात किलोमीटरचा चढ. सात किलोमीटर पॅड डिस्कला घासत जाणार. वर पोचेपर्यंत चाकं भाजून निघणार आणि मग तोच रस्ता उतरायचा, पायाखाली सतत ब्रेक ठेवून. तेवढ्या उष्णतेत ब्रेकचं ऑइल उकळतं. उकळलं की त्यात वाफ होते आणि पेडल अर्ध्यापर्यंत खाली जातं, मागचा ब्रेक उरतच नाही. मग सगळा भार पुढच्या दोन चाकांवर, सुट्या खडीत, जिथे पुढची चाकं जॅम झाली की गाडी वळायचं सोडून सरळ जाते. आणि त्या रस्त्याला सरळ जायला जागाच नव्हती.

तिने धाकटीला फोन लावला. फोन टेबलावरच, बोल्टांच्या पिशवीशेजारी वाजायला लागला. बाबा तर फोन बाळगतच नसत.

पोस्टमनची मोटरसायकल तयार होती. तिने आईला काही न सांगता ती बाहेर काढली आणि निघाली. चढावर ती गाडी तिला चालत गेल्यासारखी हळू वाटत होती. प्रत्येक वळणावर ती आधी दरीकडे बघायची आणि मग रस्त्याकडे. तिसऱ्या वळणानंतर तिला जळका वास आला, तिखट, नाकात बसणारा. म्हणजे ते याच वाटेने गेले होते आणि अजून उतरले नव्हते.

खाणीच्या तोंडाशी मोकळी जागा होती. हत्तीण तिथे तोंड खालच्या बाजूला करून उभी होती, इंजिन चालू. बाबा आत होते. धाकटी नुकतीच चढून दार ओढून घेत होती. थोरलीने मोटरसायकल गाडीच्या पुढे आडवी घातली.

"इंजिन बंद करा," ती म्हणाली. "खाली उतरा दोघं."

बाबा हसले. वर येताना गाडी कशी एका जागी थांबत होती ते सांगायला लागले. वास येतोय तो नव्या पॅडचा, म्हणाले. थोरलीने पोस्टमनच्या मोटरसायकलला अडकवलेली पाण्याची बाटली काढली आणि मागच्या उजव्या चाकाच्या फटीतून पाण्याचे चार थेंब कॅलिपरच्या पट्टीवर शिंपडले. चर्र करून वाफ उठली. हसू थांबलं.

धाकटी उतरून चाकापाशी गेली, हात जवळ नेला आणि मागे घेतला. दुसऱ्या चाकाकडे गेली. परत आली. तिला कळायला फार वेळ लागला नाही. ती आपल्या कामात हुशारच होती.

"व्हॉल्व्ह आहे," ती म्हणाली. "सिलिंडरमध्ये."

"हो."

"तुला कसं माहीत?"

"मीच बसवलाय तो सिलिंडर. गेल्या वर्षी."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "काल मी मोठ्याने वाचलं तेव्हा तू तिथेच होतीस."

"होते."

"म्हणजे मी चुकायची वाट बघत होतीस."

थोरलीला वाटलं, काहीतरी म्हणावं, लक्षात आलं नाही म्हणावं. वारा होता, इंजिन बंद झालं होतं, आणि खोटं बोलायला लागणारी ताकद त्या चढावरच संपली होती. "हो," ती म्हणाली. "तू मैदानात फेरी मारशील असं वाटलं होतं. पण हो."

धाकटी जाऊन एका मोठ्या दगडावर त्यांच्याकडे पाठ करून बसली. तिचे खांदे हलत होते, रडण्याने की रागाने ते थोरलीला कळलं नाही आणि जवळ जायची हिंमत झाली नाही.

चाकं गार व्हायला दोन तास लागणार होते. बाबा गाडीच्या पायरीवर बसले. मग थोरलीने चार वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. मी म्हटलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. ती म्हणाली तेव्हा एका शब्दात हो. असं का?

बाबांनी गुडघा चोळला.

"ती तीन आठवड्यांनी जाणार," शेवटी ते म्हणाले. "तिने काही केलं तर ती पाहुणीने केलेली गंमत. तू केलं असतंस तर ती गाडी तुझी झाली असती. गॅरेज तर तेव्हाच तुझं झालं होतं. लोक यायचे आणि माझ्यासमोर मला विचारायचे, ताई आहेत का." त्यांनी हत्तिणीच्या पत्र्यावर हात ठेवला. "एक गाडी माझी राहू दे म्हटलं."

थोरलीच्या हे कधी मनातही आलं नव्हतं. इतकी वर्षं ती आपल्याला कमी लेखलं म्हणून जळत होती आणि समोरचा माणूस तिच्यावर जळत होता. तिला हसू आलं नाही आणि बरंही वाटलं नाही. उलट राग आला, नवाच, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. "हे सांगायचं होतंत," ती एवढंच म्हणाली.

"तू व्हॉल्व्हचं सांगायचं होतंस," बाबा म्हणाले.

तीही पायरीवर बसली. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. खाणीतली माणसं जेवण उरकून परत कामाला लागली.

दोन तासांनी थोरलीने कॅलिपरची हवा काढायची चावी एकेक करून अर्धा आटा सैल केली, चमचाभर ऑइल बाहेर येऊ दिलं आणि परत बंद केली. धरलेला दाब सुटला. पेडलला पाय लागला की तो पुन्हा धरणार होता, म्हणून ब्रेकला पाय लावायचाच नाही असं ठरलं. हत्तिणीला खालच्या गिअरची वेगळी दांडी होती. त्यात टाकून थोरलीने ती चालत्या माणसाच्या वेगाने उतरवली. हँडब्रेक चाकांत नव्हता, मागच्या शाफ्टवर वेगळा होता, त्यावर तिचा हात सबंध रस्ता होता. बाबा शेजारी बसले. धाकटीने पोस्टमनची मोटरसायकल घेतली आणि ती पुढे निघून गेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घरी पोचेपर्यंत पोस्टमन येऊन, बसून, चहा पिऊन, आपली गाडी कुठे आहे ते आईला तीनदा विचारून चुकला होता.

व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी निघाला. सिलिंडर थोरलीने उघडला, कारण तो तिला माहीत होता. धाकटी शेजारी उभी राहून दिवा धरत होती. कामाचं तेवढं बोलत होत्या, पाना दे, फडकं दे. वाटाण्याएवढा तो तुकडा चिमट्यात आला तेव्हा धाकटीने तो तळहातावर घेतला, उलटासुलटा पाहिला आणि टेबलावर ठेवून दिला. हवा पुन्हा काढली. या वेळी पेडलवर थोरली होती. चाक हाताने फिरवलं तर अडखळत नव्हतं. वरून खाली, खालून वर तीन फेऱ्या झाल्या आणि चाकं कोमट झाली, त्याहून जास्त नाही. ब्रेक इतके चांगले लागत होते की थोरलीला ते कबूल करणं जड गेलं. पट्ट्या तिने कागदावर काढल्या होत्या त्याहून नेटक्या होत्या. तिने ते धाकटीला सांगितलं.

आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नाही. रात्री वाढताना मात्र दोघींच्या मध्ये स्वतः बसली.

पुढचे आठ-दहा दिवस गिऱ्हाइकं हत्तीण बघायला यायची. धाकट्या मुलीने बसवलं म्हणे, असं म्हणायची. बाबा म्हणायचे, दोघींनी. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा थोरलीला बरं वाटलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपलं त्यातलं काम म्हणजे आपणच लपवलेली गोष्ट बाहेर काढणं एवढंच होतं, आणि तिथून पुढे कुणी विषय काढला की ती आत निघून जायची.

जायच्या दिवशी धाकटीला बसपर्यंत सोडायला थोरली गेली. बस उभी होती, ड्रायव्हर चढायचा होता. धाकटीने बॅग खाली ठेवली.

"मी घरी फोन केला की बाबा अर्धा तास तुझंच सांगतो," ती म्हणाली. "ताईने हे उघडलं, ताईने ते जोडलं. म्हणून ते खोकं आणलं होतं मी. एकदा माझंही सांगावं कुणाला तरी त्याने."

थोरलीने बॅगेचा पट्टा सरळ केला. बाबा तिच्याबद्दल कुणाला काही सांगत असतील हे तिला नवंच होतं, आणि त्याहूनही नवं होतं ते धाकटीच्या आवाजातलं, जे तिने इतकी वर्षं फक्त स्वतःच्या आवाजात ऐकलं होतं.

"माझ्यावर अजून राग आहे?" तिने विचारलं.

"आहे," धाकटी म्हणाली. "बाबा गाडीत होता, ताई. ते जात नाहीये डोक्यातून."

"माझ्याही जात नाहीये."

ड्रायव्हर चढला. धाकटी बॅग घेऊन पायरीवर गेली, मग परत खाली उतरली, थोरलीला घट्ट मिठी मारली, चटकन सोडली आणि चढली. खिडकीतून तिने हात केला नाही. बस वळेपर्यंत थोरली तिथेच उभी राहिली, आणि मग गॅरेज उघडायला निघाली.